पांढरकवड्याहून लेहपर्यंत



पांढरकवड्यावरून जाणारा राष्ट्रीय महामार्ग ४४ आपल्याला कापसाच्या गाड्यांचा आणि हैदराबादच्या ट्रकांचा म्हणून ठाऊक. त्याचे उत्तरेचे टोक श्रीनगरला आहे, हे सहसा ध्यानात येत नाही. ज्येष्ठाच्या उन्हात आम्ही तिघे दोन मोटारसायकलींवर त्याच रस्त्याने लडाखला निघालो.

मनालीवरून का गेला नाहीत, असे पुष्कळजण विचारतात. छायाचित्रांतून गाजलेला रस्ता तो. परंतु मनाली सुमारे २,०५० मीटर उंचीवर. तेथून सकाळी निघालेला माणूस बारालाचा खिंड ओलांडून रात्री सरचूला ४,२०० मीटरांहून वर निजतो. तिथे समुद्रसपाटीच्या मानाने प्राणवायू शेकडा साठच. उलट श्रीनगर १,६०० मीटरांच्या आत. पुढे झोजी खिंड चढून कारगिलला उतरलो की मुक्काम २,७०० मीटरांवर, आणि मग लेह, ३,५०० मीटर. शरीराला पायरीपायरीने वर नेणारा हा मार्ग आहे.

थंडीची आपल्याकडच्या माणसाला धास्ती असते. मे महिना काढणारे आपण. लोकरीचे गाठोडे बांधून घेतो. पण थंडीची एक बरी गोष्ट अशी की ती बोलते. हँडलवर बोटे बधिर झाली की माणूस थांबतो, चहा मागतो. विरळ हवा असे काही सांगत नाही. जुन्या कार्बुरेटरच्या गाडीला तिथे हवा कमी, पेट्रोल तेवढेच. ती काळा धूर ओकते, जोर हरवते. नव्या गाडीत हे माप यंत्र आपोआप राखते, आणि तरुणांचा घोटाळा होतो तो इथेच. गाडी कुरकुरत नाही, म्हणून ते पुढे जातात. शरीराला मात्र ते माप जुळवायला काही दिवस लागतात.

वैद्यकाचा नियम असा: ३,००० मीटरांच्या वर रोजचा मुक्काम ५०० मीटरांपेक्षा अधिक चढवू नये. डोके ठणकून मळमळू लागले तर आणखी चढू नये. तोल जाऊ लागला किंवा बसल्या जागी दम लागला, तर रात्र असो की पहाट, त्या माणसाला खाली न्यावे. रजा संपत आली, हे कारण तिथे चालत नाही. रजा थोडी असेल तर श्रीनगर पाहून परतावे. त्यात कमीपणा काय?

लेहला पहिले दोन दिवस आम्ही उन्हात बसून जर्दाळू खाल्ले. आठवड्याने मनालीच्या वाटेने परतलो. मोरेचे पठार लागले. कोसन्‌कोस झाड नाही. सागाच्या जिल्ह्यातल्या डोळ्यांना ते जरा जडच गेले. सरचूला झोप लागली. पहाटे गाड्या चालू व्हायला वेळ लागला, पण बर्फाचे पाणी दुपारी उन्हाने फुगते, म्हणून नाले ओलांडायला आम्ही लवकरच निघालो.