टस्कीगीचं रक्त आणि अटलांटाच्या काचा

(युवक शिबिरात केलेल्या भाषणाचा मजकूर)



मला इथं कविता वाचायला बोलावलंय. ती नंतर वाचीन. आधी एक भांडण मिटवायचंय.

परवा टपरीवर आपल्याच एका पोरानं मला धरलं. म्हणाला, "तू म्हणं अमेरिकेतल्या सरकारी शास्त्रज्ञांच्या युनियनची बाजू घेत फिरतोस? ते पगारदार, एसीत बसणारे. तू गोदीत पाठ मोडणारा. तुझा नि त्यांचा काय संबंध? आणि ह्याच सरकारी डॉक्टरांनी आपल्या काळ्या भावांचं काय केलं ते विसरलास काय?"

प्रश्न खरा आहे. च्यायला, दोन रात्री झोप नाही. मी मॅट्रिकपर्यंत शिकलेला माणूस, जमेल तसं उत्तर देतो, पण सगळ्यांसमोर देतो.

आधी त्याची बाजू, आणि ती पुरती मांडतो. १९३२ साल. अलाबामातलं टस्कीगी. अमेरिकेच्या सरकारी आरोग्य सेवेनं तिथले सहाशे काळे पुरुष गोळा केले, बहुतेक दुसऱ्याच्या जमिनीवर राबणारे गरीब. ३९९ जणांना सिफिलिस, म्हणजे गरमीचा रोग. २०१ जण त्या रोगाशिवायचे. रोग्यांना रोगाचं नावसुद्धा सांगितलं नाही. "तुमचं रक्त खराब आहे" एवढंच. फुकट तपासणी, फुकट जेवण आणि मेल्यावर मातीचा खर्च. अट एकच, प्रेत आमच्या हवाली करायचं, आम्ही फाडून बघणार. पुढं पेनिसिलिन आलं. १९४० चं दशक संपेपर्यंत ह्या रोगावर ते नेहमीचं औषध झालं होतं. ह्यांना दिलं नाही. रोग माणसाला आतून कसा खातो ते नुसतं बघत बसले. चाळीस वर्षं. आपल्याला हे समजावून सांगायला नको. तहानलेला माणूस तडफडताना विहिरीच्या काठावरून बघत बसणारे आपल्या बापजाद्यांनी पाहिलेत.

आणि हा प्रयोग शेवटी कुणाच्या हाताखाली होता? अटलांटाच्या सी.डी.सी.च्या. रोगनियंत्रणाचं सरकारी केंद्र. १९६९ साली तिथं तज्ज्ञ बसले आणि प्रयोग चालू ठेवायचा ठरवून उठले. ज्यांच्या युनियनची मी बाजू घेतोय ते ह्याच केंद्राचे नोकर. मी काही लपवत नाही.

पण तो प्रयोग बंद कुणी पाडला?

पीटर बक्स्टन नावाचा माणूस. सॅन फ्रान्सिस्कोत ह्याच आरोग्य सेवेत गुप्तरोगाच्या रोग्यांना भेटून माहिती काढायचं काम करायचा. १९६६ साली त्यानं वरच्यांना पत्र लिहिलं, की हे जे चाललंय ते पाप आहे. वरच्यांनी त्याला अटलांटाला बोलावून झाप झाप झापला. १९६८ साली त्यानं परत लिहिलं. दुसरा बिल जेन्किन्स. काळा पोरगा, आकडेशास्त्र शिकलेला, तोही आरोग्य सेवेतच. त्यानं दोस्तांबरोबर एक छोटं पत्रक काढलं होतं, नाव 'द ड्रम', म्हणजे ढोल. त्यात ह्या प्रयोगावर लिहिलं, मजकूर वर्तमानपत्रांकडं पाठवला. कुणी हात लावला नाही. लिटल मॅगझिनवाल्यांनो, ऐकताय ना? शेवटी बक्स्टननं कागद एका वार्ताहराच्या हाती दिले, जुलै १९७२ मध्ये बातमी फुटली, तेव्हा प्रयोग थांबला. त्याच वर्षी इकडं मुंबईत पँथर जन्मली. राष्ट्राध्यक्ष क्लिंटननं माफी मागितली ती १९९७ साली.

पहिलं पत्र १९६६ चं, बातमी १९७२ ची. सहा वर्षं एकटा माणूस पत्रं लिहितोय, आणि तिकडं माणसं मरतायत. मला हीच सहा वर्षं चावतात. त्याच्या पाठीशी हजार सह्या असत्या, संपाची भाषा करणारा एखादा पुढारी असता, तर त्याला झापायची हिंमत झाली असती काय? सरकारी कामगारांच्या ज्या महासंघाबद्दल मी बोलतोय, ए.एफ.जी.ई., तो स्थापन झाला १९३२ साली. टस्कीगी सुरू झालं त्याच साली. पण बक्स्टनची पत्रं गेली ती त्याच्या एकट्याच्या नावानं.

आता करोना. मार्च २०२० मध्ये ह्या महासंघानं सरकारवर दावा ठोकला, की रोगाच्या तोंडी उभं राहून काम करणाऱ्याला २५ टक्के धोका-भत्ता द्या. त्याच वर्षी सप्टेंबरात बातमी आली, की मंत्रालयातले राजकीय नेमणुकीचे लोक सी.डी.सी.च्या दर आठवड्याच्या साथीच्या अहवालात हात घालू बघतायत. आकडा साहेबाला आवडला नाही, बदला.

आकडा बदलला की मरतं कोण? मला विचारा. त्या वर्षी सगळा मुलूख बंद होता, बोटी मात्र लागत होत्या. मी तेव्हा नवा कंत्राटी. तोंडाला घरून आणलेला रुमाल. आमच्या टोळीतला एक म्हातारा तापानं फणफणला. मुकादम म्हणाला, पाऊस-पाण्याचा ताप आहे, चल, फाळक्यात उतर. तिसऱ्या दिवशी म्हातारा आला नाही. हजेरीच्या वहीत नाव नव्हतं, म्हणून गोदीत कुणी आजारीच पडलं नाही. असा असतो आकडा.

आणि त्या पोराला हेही सांगायचंय, की आपल्या जखमेचा धंदा करणारे असतात. रॉबर्ट केनेडी धाकटा, त्याच्या संघटनेनं २०२१ साली काळ्यांसाठी म्हणून एक सिनेमा काढला. त्यात टस्कीगी दाखवली आणि लसीबद्दल संशय पेरला. टस्कीगीत औषध नाकारून मारलं, आणि तिचंच नाव घेऊन हे काळ्यांना औषधापासून लांब ठेवायला निघाले! फेब्रुवारी २०२५ मध्ये हाच माणूस आरोग्यमंत्री झाला, म्हणजे त्या शास्त्रज्ञांचा मालक.

८ ऑगस्ट २०२५. अटलांटात एक माणूस बंदुका घेऊन आला आणि सी.डी.सी.च्या इमारतींवर त्यानं गोळ्यांचा पाऊस पाडला. पोलिसांना पाचशेच्या वर पुंगळ्या सापडल्या. करोनाच्या लसीनं आपलं वाटोळं केलं असं त्याच्या डोक्यात बसलं होतं. डेव्हिड रोझ नावाचा तेहतीस वर्षांचा पोलीस मेला. आत शास्त्रज्ञ टेबलांखाली, पाळणाघरात लेकरं.

तिथली युनियन, ए.एफ.जी.ई.ची २८८३ नंबरची शाखा, गप्प बसली नाही. तिनं सांगितलं, की हे अचानक घडलेलं नाही, महिनोन्‌महिने आमच्या माणसांची बदनामी चालू होती. वरिष्ठांनी लसीबद्दलच्या खोट्या प्रचाराचा उघड निषेध करावा, अशी मागणी केली. मिळालं काय? त्याच महिन्यात आरोग्य खात्यानं सी.डी.सी.सकट आपल्या कचेऱ्यांतल्या युनियनांची मान्यता काढली. आधार कशाचा, तर मार्चमधला राष्ट्राध्यक्षांचा हुकूम, देशाच्या सुरक्षेच्या नावाखाली काढलेला. जिवाणू मोजणारा माणूस संघटित झाला की देशाला धोका! हे नाटक आपल्याला नवं नाही.

मी पांढऱ्या कोटाला नमस्कार घालत नाही. त्या युनियनमध्येही भित्रे असतील, मतलबी असतील, आपल्याकडं काय कमी आहेत? पण उद्या त्या इमारतीत दुसरी टस्कीगी शिजायला लागली, तर पहिली बोंब आतूनच उठायला पाहिजे. बाहेर बसून आपल्याला तिचा वाससुद्धा येणार नाही. आणि बोंब मारणाऱ्याची नोकरी वाचवायला माणसं लागतात.

म्हणून मी पत्र लिहिलंय, त्या २८८३ शाखेला. इंग्रजी एका मास्तरानं केलं. आमच्या टोळीतल्या अकरा जणांनी सह्या केल्यात, त्यात दोन अंगठे आहेत. पत्रात आम्ही तुमच्या बाजूचे असं लिहिलंय, आणि खाली टस्कीगीही लिहिलीय, तारखांसकट. मास्तर म्हणाले, पाठिंब्याच्या पत्रात हे कशाला, त्यांना वाईट वाटेल. मी म्हटलं, वाटू दे, ते राहणारच.

कागद इथं टेबलावर ठेवतो. परवाचा तो पोरगा मागच्या रांगेत बसलाय, मला दिसतोय. त्याला पटलं तर त्यानं यावं. नाही पटलं तर का नाही ते इथं उभं राहून सांगावं, मी ऐकतो. तोवर कविता वाचतो.