पाहुणा सूर आणि घरचें यंत्र



आमच्या दिवाणखान्यांत एका भिंतीशीं सागवानी लांकडाची उंच पेटी उभी आहे. तिच्या दर्शनी बाजूस ॲल्युमिनियमच्या अरुंद पट्ट्या आहेत, त्यांवर गोल बटणें आहेत, आणि एका भोकांतून निघून दुसऱ्या भोकांत शिरणाऱ्या रंगीबेरंगी तारांचें जाळें आहे. नवा पाहुणा आला कीं तो आधीं पेटीकडे व मग माझ्याकडे संशयानें पाहतो. हें माझें मॉड्युलर सिंथेसायझर. लॅमिंग्टन रोडवरून सुटे भाग आणून, सुट्टीच्या दिवशीं डाग देत देत, तें मीं घरींच जुळविलें. या पेटीनें बाहेरचा आवाज आंत कसा घ्यावा, आणि तो घेतांना काय सांभाळावें, हें मला एका वृद्ध गायिकेकडून शिकावें लागलें. तीच हकीगत आज सांगणार आहें.

प्रथम यंत्राची ओळख. वाद्याचीं कामें यांत निरनिराळ्या पट्ट्यांना वांटून दिलेलीं असतात. एक पट्टी नाद उत्पन्न करते, तिला ऑसिलेटर म्हणतात. दुसरी त्या नादांतील नको तो भाग गाळते, ती फिल्टर. तिसरी आवाज लहानमोठा करते. यांच्यांत कायमचा संबंध कोणताच नाहीं. आपण तार जोडूं तोच संबंध. अमेरिकेंत रॉबर्ट मूग व डॉन बुक्ला या दोघांनीं परस्परांपासून स्वतंत्रपणें, १९६४ च्या सुमारास, अशीं यंत्रें घडविलीं. विजेचा दाब एक व्होल्टनें वाढला कीं नाद एक सप्तक वर चढावा, हा मूग यांचा संकेत आजही बहुतेक यंत्रांत पाळला जातो. आपल्या देशांतही ही विद्या फार उशिरां आली असें नाहीं. अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाईन संस्थेंत डेव्हिड ट्यूडर यांनीं १९६९ सालीं मूग यंत्र उभें केलें, आणि गीता साराभाई यांच्यासारख्या संगीतज्ञांनीं त्यावर काम केलें. पुढें १९९५ च्या सुमारास जर्मनींत डीटर डेप्फर यांनीं लहान आकाराची मांडणी प्रचारांत आणली. माझ्यासारखे हौशी लोक घरीं बसून जें कांहीं करतात, तें बहुधा याच मापाला धरून.

दोन वर्षें मी यंत्राच्या स्वतःच्या आवाजावर संतुष्ट होतों. मग कंटाळा येऊं लागला. विजेचा नाद थकत नाहीं, अडखळत नाहीं, श्वास घेत नाहीं. म्हणून जिवंत माणसाचा आवाज या पेटींतून न्यावा असें मनांत आलें.

पहिली अडचण आकारमानाची. मायक्रोफोनमधून येणारी विजेची लहर व्होल्टच्या कांहीं सहस्रांश इतकीच असते. पेटींतल्या पट्ट्यांना संवय असते ती तळापासून माथ्यापर्यंत दहा व्होल्टच्या लहरीची. तेव्हां दाराशींच ती लहर सुमारें हजार पट मोठी करणारी पट्टी बसवावी लागते. पण ही पट्टी बिचारी भेदभाव जाणत नाहीं. गळ्याबरोबर पंख्याची घरघरही ती हजार पट वाढविते. पहिल्या दिवशीं मला ऐकूं आला तो घरांतल्या विजेचा, सेकंदास ५० आंदोलनांचा, एकसुरी गुणगुणाट. पेटी व ध्वनिमुद्रणाचा संगणक हीं दोन वेगळ्या ठिकाणीं जमिनीशीं जोडलेलीं होतीं, आणि त्या दोन वाटांचें कडें होऊन त्यांत हा गुणगुणाट फिरत होता. सर्व जोड एकाच ठिकाणीं आणले, मायक्रोफोनच्या तारेला जाळीदार वेष्टण घातलें, तेव्हां कोठें शांतता झाली.

आतां गाणार कोण? आमच्या आत्याबाई अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या आहेत. चाळीस वर्षें त्यांनीं मुलींना गाणें शिकविलें, आणि अजूनही पहांटे त्या तंबोरा घेऊन बसतात. मीं विनंति केली. त्या म्हणाल्या, “गाईन कीं. पण तुझी ती पेटी मध्येंच बोलणार तर नाहीं ना?”

मीं ठामपणें नाहीं म्हणून सांगितलें.

त्या काळीं माझा सारा अभिमान एका पट्टीवर होता. तिचें नांव रिंग मॉड्युलेटर. चार डायोड कड्यासारखे जोडलेले आणि दोन्ही अंगांस एकेक ट्रान्सफॉर्मर, एवढाच तिचा संसार. तिच्यांत दोन आवाज घातले असतां ते दोन्ही नाहींसे होतात, आणि त्यांच्या आंदोलनांची बेरीज व वजाबाकी असे दोन नवे आवाज बाहेर पडतात. जर्मन संगीतकार स्टॉकहाउझेन यांनीं १९६४ सालच्या ‘मिक्स्टूर’ या रचनेंत वाद्यवृंदाचे निरनिराळे गट या युक्तींतून नेले होते. त्या थोर नांवाच्या आधारावर मीं आत्याबाईंचा भूप या कड्यांत सोडला.

अर्धें आवर्तनही झालें नसेल, तोंच त्या थांबल्या. “अरे, मी पंचम लावतें आणि तुझी पेटी भलतेंच कांहीं सांगते. आणि मी थांबलें तरी ती कुणकुणतेच आहे.” मीं मोठ्या ऐटींत सांगितलें, “आत्याबाई, हा नवा आवाज आहे. तो वेगळा असायचाच.” त्यांनीं वाद घातला नाहीं. तंबोऱ्यावर गवसणी चढवितां चढवितां त्या एवढेंच म्हणाल्या, “वेगळें असणें निराळें आणि बेसूर असणें निराळें.”

हें वाक्य मला झोंबलें. रात्रीं कागद घेऊन मीं हिशोब मांडला. सोयीसाठीं त्यांचा षड्ज २४० आंदोलनांचा धरूं, म्हणजे पंचम ३६० चा होतो. माझा ऑसिलेटर कोठें तरी २५१ वर उभा होता. बेरीज ६११, वजाबाकी १०९. पहिला आवाज गंधार व मध्यम यांच्या मध्यें लोंबकळतो. दुसरा कोमल निषादाच्या किंचित् वर पडतो. भूपांत तर मध्यमही वर्ज्य आणि निषादही वर्ज्य! आत्याबाईंच्या कानानें क्षणांत ओळखलें, तें मला कागदावर अर्ध्या तासानें दिसलें.

मग ऑसिलेटर २४० वर, म्हणजे त्यांच्या षड्जावरच ठेवला तर? पंचमाची बेरीज ६००, तो तार गंधार; वजाबाकी १२०, तो खर्जाचा षड्ज. दोन्ही भूपांतले, दोन्ही घरचे! गंधाराच्या ३०० आंदोलनांपासून ५४० मिळतात, म्हणजे तार ऋषभ; आणि ६० मिळतात, म्हणजे अतिखर्जाचा षड्ज. पण ऋषभ व धैवत यांची मात्र भट्टी जमत नाहीं. धैवत ४०० चा धरला तर ६४० व १६० हे दोन्ही मध्यमच निघतात. शिवाय गळ्यांतल्या मूळ स्वराबरोबर जे सूक्ष्म उपस्वर असतात, तेही याच बेरीज-वजाबाकींत सांपडून गोंधळ वाढवितात.

यावर उपाय तीन केले. पहिला, गळ्याचा आवाज कड्यांत शिरण्यापूर्वींच फिल्टरमधून नेऊन वरचे उपस्वर गाळले. दुसरा, ऑसिलेटर अर्धा तास तापूं देऊन, तो स्थिर झाला म्हणजे तंबोऱ्याच्या जोडीच्या तारांशीं कानानें मिळविला. तिसरा उपाय मात्र कोणत्याही पट्टींत मिळेना. ऋषभावर व धैवतावर कड्याचा आवाज मागें ओढावा, आणि षड्ज, गंधार, पंचम आले कीं पुढें आणावा, हें काम बटणावर हात ठेवून मलाच करावें लागणार होतें. त्यासाठीं पुढचा स्वर कोणता येणार हें आधीं कळलें पाहिजे. म्हणजे भूप शिकला पाहिजे! तीन महिने मी आत्याबाईंपुढें आलाप ऐकत बसलों.

त्यांची दुसरी तक्रार पेटीच्या कुणकुणीची. ती खोड अशी कीं, कड्यांतले चार डायोड अगदीं सारखे नसले तर गाणें थांबल्यावरही ऑसिलेटरचा नाद झिरपत राहतो. मापून मापून चार सारखे डायोड निवडले, तेव्हां झिरपणें पुष्कळ कमी झालें. पण पुरतें थांबलें नाहीं. तेव्हां गळ्याच्या चढउताराचा माग काढणारी एक पट्टी बनविली. ती आवाजाच्या लहरीचा खालचा अर्धा भाग उलटून वर घेते आणि एका कपॅसिटरमध्यें तो सांठवून गुळगुळीत करते. गाणें मोठें झालें कीं तिच्यांतून दाब चढतो, गाणें थांबलें कीं उतरतो, आणि त्या दाबावर पेटीचा आवाज उघडतो व मिटतो. येथेंही तारतम्य लागतें. गुळगुळीतपणाचा काळ सेकंदाच्या शंभराव्या भागाइतका ठेवला तर आवाजांत खरखर येते, कारण खुद्द षड्जाच्या एका आंदोलनालाच सेकंदाचा २४० वा भाग लागतो. काळ फार लांबविला तर सेकंदास आठ स्वरांची तान पुढें निघून जाते आणि पेटी मागें रेंगाळते. पंचविसाव्या भागाच्या आसपास माझें समाधान झालें.

दुसरी बैठक झाली. आत्याबाईंनीं पंचमावर विसावा घेतला, आणि त्याच्याखालीं खर्जाचा षड्ज हलकेंच उमटला. जणूं तंबोऱ्याला आणखी एक तार लागली. त्या थांबल्या, पेटीही थांबली. त्यांनीं स्तुति केली नाहीं. म्हणाल्या, “आतां निदान ऐकतें तरी.”

मग क्षणभरानें त्यांनीं विचारलें, “मी गेल्यावर माझ्या मुलींनीं कोणता आवाज ऐकायचा, माझा कीं हा?”

या प्रश्नाला माझ्यापाशीं उत्तर नव्हतें, कारण तोंपर्यंत मीं मुद्रित केला होता तो पेटींतून निघालेलाच आवाज. कड्यांतून एकदां गेलेला सूर पुन्हां जसाच्या तसा मूळ रूपांत काढणें सोपें नाहीं. बेरीज-वजाबाकी तेवढी बाहेर पडते, मूळ सूर नाहीं. त्याच दिवशीं मीं दाराशींच आवाजाच्या दोन वाटा केल्या. एक पेटींत जाते. दुसरी, कोणाचाही हात न लागतां, सरळ मुद्रणाकडे जाते. त्यानंतरच्या पहांटेचे सतरा भूप त्या दुसऱ्या वाटेनें आलेले, जसेच्या तसे, माझ्याजवळ आहेत. पहिल्या बैठकींतलें अर्धें आवर्तन मात्र बेसूर झालें तें तसेंच राहिलें; त्याचें मूळ कोठेंच नाहीं.

श्रोत्यांपैकीं कोणी हा उद्योग करणार असेल, तर माझें सांगणें थोडकें आहे. आधीं दार नीट करा, म्हणजे गुणगुणाट आंत येणार नाहीं. मग पाहुण्याचा सूर ओळखून आपलें यंत्र त्याच्याशीं मिळवा. त्याचा सूर आपल्या यंत्राशीं मिळविण्याच्या भरीस पडूं नका. आणि पाहुण्याचा आवाज पेटींत घालण्यापूर्वीं त्याची एक अस्सल प्रत बाजूला ठेवा. आमच्या पेटीवर पट्ट्या पुष्कळ आहेत. पण आत्याबाई आल्या कीं त्या प्रथम विचारतात तें या दुसऱ्या वाटेबद्दल. तार जागेवर आहे असें पाहिलें, म्हणजे मग त्या तंबोऱ्याची गवसणी काढतात.