पिकअपला विमा नव्हता, मग बैलाचे पैसे कोण देणार?



ऊसतोडीचा हंगाम सुरू झाला, की कारखान्याच्या रस्त्याला बैलगाड्या लागतात. पहाटेच्या अंधारात मागून एखादी पिकअप येते आणि धडक देते. एक बैल जागच्या जागी जातो, गाडीवानाचा पाय मोडतो. गर्दी जमते. पिकअपवाला हात जोडतो आणि सांगतो, "दादा, विम्याची मुदत संपलीय. कोर्टात गेलात तरी दमडी मिळायची नाही. हे पाच हजार घ्या नि मिटवा." आणि आपला भोळा माणूस मिटवतो. पाच हजारांत आज बैल सोडा, बरं वासरूसुद्धा येत नाही.

मंडळी, त्याचं बोलणं खोटं आहे. विमा असला तर भरपाई विमा कंपनी भरते. नसला तर गाडीच्या मालकाला आणि चालकाला ती स्वतःच्या पदरची भरावी लागते. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याने विमा सक्तीचा केला आहे. तो नसल्यास पहिल्या वेळी दोन हजार रुपये दंड, तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं. पण तो दंड सरकारजमा होतो. तुमच्या बैलाचे पैसे त्यात नसतात. त्यासाठी वेगळा दावा लावावा लागतो.

हा दावा मोटार अपघात दावा न्यायाधिकरणापुढे चालतो. आपल्याकडे हे काम जिल्हा न्यायालयातच चालतं. माणसाला झालेली इजा तिथे चालतेच, पण बैल, बैलगाडी, मोडलेलं कुंपण यांचं नुकसानही मागता येतं. पिकअप परजिल्ह्यातली असली तरी घाबरू नका. अपघात झाला तिथे किंवा तुम्ही राहता तिथे दावा लावता येतो. मात्र अपघातापासून सहा महिन्यांच्या आत अर्ज गेला पाहिजे, हे पक्कं लक्षात ठेवा.

आता खरं काम सांगतो. ते पहिल्या दोन दिवसांतलं आहे. गाड्या हलवण्याआधी मोबाईलवर फोटो काढा. पिकअपचा नंबर स्पष्ट दिसू द्या. पोलीस ठाण्यात नोंद करा. पंचनाम्यात नुसतं "एक बैल मयत" असं लिहू देऊ नका. बैलाचं वय, दात, जात, कानातल्या बिल्ल्याचा नंबर, गाडीचं काय काय मोडलं, सगळं लिहवून घ्या. आणि पशुवैद्यकीय डॉक्टर येऊन शवविच्छेदन करीपर्यंत बैल पुरू नका. घरचं जनावर असं पडलेलं बघवत नाही, हे मला कळतं. पण दाखला नसला, तर बैल त्याच धडकेने मेला हे पुढे सिद्ध करणं फार जड जातं. बैल घेतल्याची बाजाराची पावती, दवाखान्याची बिलं, भाड्याने बैल आणले असतील तर त्याची चिठ्ठी, हे सारं एका पिशवीत ठेवा.

दुसरं, मालक कोण ते शोधा. पिकअप चालवणारा म्हणेल, "ही मी गेल्या साली घेतली, पण नावावर व्हायची आहे." आरटीओच्या नोंदीत ज्याचं नाव, तोच कायद्याने मालक, सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये हे स्पष्ट केलं आहे. तेव्हा दाव्यात त्याचंही नाव घाला.

तिसरं सगळ्यांत मोलाचं. विमा नसलेली गाडी पोलिसांनी जप्त केली, तर मालकाने पुरेसं तारण दिल्याशिवाय ती सोडू नये, आणि तीन महिन्यांत तारण न दिल्यास लिलाव करून पैसे न्यायाधिकरणात जमा करावेत, असे नियम करायला सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्येच सर्व राज्यांना सांगितलं. म्हणून गाडी सुटायच्या आत वकिलामार्फत हरकत घ्या. मालकाच्या नावावर दुसरं काहीच नसलं, तर ती पिकअप हाच तुमचा आधार.

निकाल लागल्यावर तीस दिवसांत रक्कम भरावी लागते. न भरल्यास तुम्ही अर्ज करा. न्यायाधिकरण जिल्हाधिकाऱ्यांकडे दाखला पाठवतं आणि वसुली जमीन महसुलाच्या थकबाकीसारखी होते. ही वसुली कशी होते, ते तुम्हांला मी काय सांगावं!

एक कडू गोष्टही ऐका. चूक पिकअपवाल्याची होती, हे दाखवावं लागतं. तुमच्या गाडीला मागे लाल चमकपट्टी नसली, कंदील नसला, तर थोडा दोष तुमच्याकडे येतो आणि तेवढी भरपाई कापली जाते. पट्टीला कितीसे पैसे पडतात?

तडजोड वाईट नाही. पण ती रस्त्यावर नको, लोकअदालतीत करा. तिथला निवाडा कोर्टाच्या हुकूमनाम्याइतकाच पक्का असतो. कोऱ्या स्टँप पेपरवर सही तर कधीच नको. वकिलाला पैसे नसतील, तर तालुका विधी सेवा समितीकडे जा. स्त्रिया, अनुसूचित जाती-जमातीचे लोक आणि कमी उत्पन्नाचे लोक यांना तिथे फुकट वकील मिळतो.

धडक देऊन गाडी पळाली आणि सापडलीच नाही, तर सरकारी योजनेतून मृत्यूला दोन लाख आणि गंभीर दुखापतीला पन्नास हजार रुपये मिळतात. ते माणसासाठी, बैलासाठी नाहीत.

आणि जाता जाता, आपल्या दारातल्या ट्रॅक्टरचा विमा कधी संपतो? ट्रॉलीची नोंद त्यात आहे का? मागे विकलेली मोटारसायकल अजून तुमच्याच नावावर तर नाही ना? असेल, तर येत्या बाजारच्या दिवशी आधी आरटीओचं काम उरका.