सोंगाड्या



आपल्या विदर्भात खडी गंमत असते, दंडार असते. त्यात एक सोंगाड्या असतोच. तो वेड्यासारखा बोलतो. पण राजाला जे कोणी विचारत नाही, ते तोच विचारतो. लोक हसतात, अन् मग विचारात पडतात. अशाच एका सोंगाड्याची गोष्ट आज सांगतो. त्याचे नाव दादा कोंडके.

दादांचे खरे नाव कृष्णा. त्यांचा जन्म १९३२ साली मुंबईत नायगावला झाला. घर गिरणीकामगाराचे. दादांनी बँडमध्ये वाजवले. अपना बाजार या भांडारात नोकरी केली. सेवादलाच्या कलापथकात कामे केली. चाळीतली माणसे कशी बोलतात, कशी भांडतात, हे त्यांनी कान देऊन ऐकले. तीच त्यांची शाळा.

पुढे वसंत सबनीस यांनी 'विच्छा माझी पुरी करा' हे लोकनाट्य लिहिले. त्यात दादा हवालदार झाले. हवालदाराला कोतवाल व्हायचे असते. पण ती जागा मिळते प्रधानाच्या मेहुण्याला! वशिल्याचा हा कारभार कोणाला ठाऊक नाही? दादा त्यात ऐन वेळी नवे बोल घालीत. लोक पोट धरून हसत. या नाटकाचे हजाराहून अधिक प्रयोग झाले.

१९६९ साली भालजी पेंढारकरांनी 'तांबडी माती' चित्रपटात त्यांना काम दिले. मग दादांनी स्वतःच चित्रपट काढायचे धाडस केले. १९७१ साली 'सोंगाड्या' तयार झाला. त्यातला नाम्या हा खेड्यातला भोळा पोरगा. पण दादरचे कोहिनूर थिएटर तो चित्रपट लावीना. हिंदी चित्रपटाला जागा, मराठीला नाही! शिवसेनेने आवाज उठवला, तेव्हा चित्रपट लागला. लोकांनी तो डोक्यावर घेतला.

पुढे त्यांचे एकापाठोपाठ नऊ चित्रपट पंचवीस पंचवीस आठवडे चालले. गिनीज बुकात त्याची नोंद झाली. १४ मार्च १९९८ रोजी दादा वारले.

आता दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. दादांच्या बोलण्याला दोन अर्थ असत. एक सरळ, एक चावट. पुष्कळांना ते आवडले नाही. सेन्सॉरशीही त्यांचे खटके उडाले. आयाबायांना खाली मान घालावी लागेल असा विनोद मलाही रुचत नाही. पण म्हणून सारेच टाकून देऊ नये. धान्य पाखडतो, तसे पाखडावे. फोल उडवावे, दाणा ठेवावा.

भावांनो, बायांनो, तुम्ही आता अक्षरे शिकलात. हसतानाही एक गोष्ट पाहत जा. आपण कोणाला हसतो आहोत? दुबळ्याला, की वशिल्याच्या कोतवालाला? दुबळ्याला हसणे सोपे असते. कोतवालाला हसवून दाखवायला मात्र छाती लागते. हवालदार झालेल्या दादांनी ती दाखवली.

रामराम!