पहिला घाणा घरचा

पाहुण्यांसाठीं नवा पदार्थ अवश्य योजावा. परंतु त्याची पहिली परीक्षा घरच्याच पंगतींत व्हावी, असें माझें मत आहे. फणसाच्या सांदणांचेंच पाहा. तांदळाचा रवा, बरक्या फणसाचा रस, गूळ व चिमूटभर मीठ, एवढेंच साहित्य. पण रस कधीं दाट, कधीं पातळ निघतो, म्हणून वाटीच्या मापावर विसंबून चालत नाहीं. मीं एकदां कृति वाचून तीं थेट मैत्रिणींपुढें ठेविलीं. सर्वांनीं तोंडभर स्तुति केली. पानांत मात्र अर्धीं सांदणें तशींच राहिलीं! दुसऱ्या दिवशीं उरलेलें खातांना धाकटा म्हणाला, "आई, हीं फार चिकट लागतात." तेव्हांपासून मी रवा भाजून घेतें, आणि पहिला घाणा निघतांच त्यालाच हांक मारतें.