पासपोर्ट जमा, पॅन कार्ड चालू

अमेरिकेत किंवा कॅनडात नागरिकत्वाची शपथ झाली, इकडे पेढे वाटले गेले. त्याच क्षणी भारताचं नागरिकत्व संपलेलं असतं. १९५५ च्या नागरिकत्व कायद्याचं नववं कलम तसं सांगतं. त्यासाठी वेगळा अर्ज लागत नाही. अर्ज लागतो तो पासपोर्ट जमा करायला. जुन्या निळ्या पासपोर्टवर रद्द झाल्याचा शिक्का पडतो आणि सोबत जमा केल्याचं प्रमाणपत्र मिळतं. हा कागद जपा. पुढे ओसीआय (ओव्हरसीज सिटिझन ऑफ इंडिया) कार्डासाठी तो लागतो.

खरी गफलत होते प्राप्तिकरात. 'आता मी भारतीय नाही, मग कर कसला?' पण आपल्याकडे कर नागरिकत्वावर नाही, तर रहिवासावर आणि उत्पन्न कुठलं, यावर ठरतो. कोथरूडचा फ्लॅट भाड्याने दिलाय? मग ते उत्पन्न इथलंच. मालक अनिवासी, म्हणून भाडेकरूने भाड्यातून ३० टक्के टीडीएस आणि वर उपकर कापून सरकारजमा करायचा असतो. बिचाऱ्याला बहुधा हे ठाऊकच नसतं! जास्त कापला गेलेला कर परत हवा, तर विवरणपत्र भरावंच लागतं. म्हणून पॅन कार्ड फेकू नका.

अमेरिकेचं उलट. तिथला नागरिक पुण्यात राहिला तरी त्याच्या जगभरच्या कमाईवर तिकडच्या कर खात्याची नजर असते. तिथलं नागरिकत्व सोडताना मागच्या ५ वर्षांच्या करांची पूर्तता केल्याचं ८८५४ क्रमांकाच्या फॉर्मवर लिहून द्यावं लागतं.