छातीच्या ऑपरेशनआधी मानेचा एक्स-रे

आमवात म्हटलं की डोळ्यांसमोर येतात सुजलेली बोटं. सकाळी तासभर मूठ न वळणाऱ्या बाईच्या हृदयाकडे घरात कुणाचं लक्ष जात नाही. पण सांध्यांचं अस्तर पोखरणारा दाह रक्तवाहिन्यांनाही सोडत नाही. म्हणून युरोपातल्या संधिवाततज्ज्ञांच्या संघटनेनं सांगितलं, की अशा रुग्णाच्या हृदयविकाराचा धोका नेहमीच्या कोष्टकानं जितका निघेल, त्याला दीडनं गुणा. त्यात गुडघ्यांमुळे बाई जिना चढतच नाही. मग दमल्यावर छातीत दुखतं हे तिला कळावं कधी? निदान होतं तेव्हा अनेकदा बायपासची वेळ आलेली असते.

हृदयशस्त्रक्रियेचा धोका मोजायला ‘युरोस्कोर-२’ हे गणित वापरतात. त्यात वय आहे, मूत्रपिंडं आहेत, हालचाल फारच मर्यादित आहे का, हा प्रश्नही आहे. आमवात हे नाव मात्र त्यात कुठेच नाही. मला ही उणीव फार महत्त्वाची वाटते. आकडा लहान निघाला की सगळे निर्धास्त होतात, आणि या रुग्णांचे अर्धे धोके तर छातीच्या बाहेरच असतात.

मानेचंच बघा. कवटीखालच्या पहिल्या दोन मणक्यांना बांधून ठेवणारे बंध या रोगात सैल होतात. रुग्णाची मानेची तक्रार नसेलही. पण भूल दिल्यावर श्वासनलिकेत नळी घालताना मान हलवली, की मणका सरकून मज्जारज्जूवर दाब येऊ शकतो. म्हणून मान पुढे वाकवून आणि मागे नेऊन काढलेले एक्स-रे भूलतज्ज्ञाला आधी दिसायला हवेत. जबडा पुरता उघडतो का? आवाज घोगरा झालाय का? स्वरयंत्रातही इवलेसे सांधे असतात, आणि आमवात त्यांनाही धरतो.

मग औषधं. १९४८ साली मेयो क्लिनिकमध्ये फिलिप हेंच यांनी आमवातावर कॉर्टिझोन वापरलं. १९५० साली त्यांना नोबेल मिळालं. १९५२ साली एका तरुण रुग्णाची हकिकत छापून आली. ऑपरेशनआधी त्याचं कॉर्टिझोन थांबवलं होतं. खुब्याचं ऑपरेशन झालं, आणि काही तासांत रक्तदाब कोसळून तो गेला. बाहेरून स्टेरॉइड मिळत राहिलं की अधिवृक्क ग्रंथी स्वतःचं काम सोडून देतात, हे त्यातून उमगलं. तेव्हा स्टेरॉइडची गोळी आपल्या मनानं बंद करू नका. आणि वेदनाशामकांबद्दल उलट सांगतो: डायक्लोफेनॅकसारख्या गोळ्या बायपासच्या सुमारास घेऊ नयेत.

ऑपरेशननंतर छातीचं हाड जुळेपर्यंत हातांवर भार द्यायचा नसतो. ज्यांचे गुडघे गेलेत, त्या तर हात टेकल्याशिवाय उठूच शकत नाहीत! फुगलेल्या बोटांनी श्वासाच्या व्यायामाचं ते तीन चेंडूंचं यंत्र धरणंही जड जातं. म्हणून फिजिओथेरपिस्टची पहिली भेट ऑपरेशनच्या आधी व्हावी. हात न टेकता कुशीवरून कसं उठायचं, हे तेव्हाच शिकून घ्यावं, आणि पेशंट घरी यायच्या आत उंच खुर्ची आणि उंच कमोड यांची सोय करून ठेवावी.